पुढं काय निघालं?

हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकवायच्या, डावा हात पुढं करायचा आणि म्हणायचं, “हं, मोज.” समोरच्या पोरीनं तोवर पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलेलंही नसायचं. कधीकधी तर ती रक्तदाब मोजायला आलेलीच नसायची. शिक्षणशास्त्राच्या प्रकल्पासाठी चार प्रश्न विचारायला आलेली असायची. पण हातात कागद, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आणि तोंडावर ‘आता हाकलून देतील’ अशी भीती घेऊन दारात उभं राहिलेलं कुठलंही लेकरू हे मोजायलाच आलेलं असतं, अशी आमच्या आत्याबाईंची पक्की समजूत होती. आधी मोजून घ्यावं, मग निवांत बोलावं.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. भर दुपारी कडी वाजवतात, “काकू, दोनच मिनिटं” म्हणतात, आणि आपण दार अर्धं उघडं ठेवून “नंतर या” म्हणतो. शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीतही तसंच चालायचं. समोरच्या घरच्या आत्याबाई तेवढ्या निराळ्या निघाल्या.

त्या मूळच्या करमाडच्या पुढच्या एका खेड्यातल्या. मुलगा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत लागला, तेव्हा त्याच्याबरोबर शहरात आल्या. सून सुरेखा घरातच ब्लाउज शिवायची. गल्लीतल्या एका घरच्या त्या खऱ्या आत्या. बाकीच्यांनी हे नातं आपलं आपणच जोडून घेतलं होतं. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी मॅडमही होते आणि बाईही. दोन्ही मिळून त्या मला ‘मॅडमबाई’ म्हणत.

आमच्या मुलींना तिसऱ्या वर्षाला एक छोटं संशोधन करावं लागतं. एका गटानं वयस्कर बायकांच्या गुडघेदुखीचा विषय घेतला आणि मी त्यांना माझ्याच गल्लीत पाठवलं. तासाभरात गटातली एक मुलगी रडवेली होऊन माझ्या दारात आली. कुणी बोलायलाच तयार नव्हतं. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आवाज आला, “ए पोरींनो, काय विकता गं?”

काही विकत नाही, विचारायला आलोय, असं मुलींनी सांगितलं. काय विचारायचंय? तर तुमचे गुडघे दुखतात का. मग ओट्यावर जरा सरकून आत्याबाईंनी जागा केली.

“बसा. एवढं आयुष्य गेलं, पर माझे गुडघे दुखतात का म्हणून कुणी घरी इचाराया आलं नव्हतं.”

दोन मिनिटांचं काम चहापर्यंत लांबलं. उजवा गुडघा कुठल्या विहिरीच्या पायऱ्यांनी गेला आणि डाव्यानं त्याची बरोबरी कशी केली, हे सगळं मुलींना ऐकावं लागलं. वय विचारलं तर त्या म्हणाल्या, साठ लिही. आतून सुरेखा हसली. “मग सत्तर लिही,” त्या म्हणाल्या, “नायतर त्यांच्या मधलं तुला आवडंल ते घे.”

प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढं पाच पर्याय होते. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ असे. आत्याबाई ‘तटस्थ’पाशी अडल्या. ते म्हंजी काय? मुलीनं समजावलं की हो पण नाही आणि नाही पण नाही, त्याला तटस्थ म्हणायचं. आत्याबाईंना हा शब्द इतका आवडला की आठवड्याभरात तो अख्ख्या गल्लीचा झाला. नळावरच्या भांडणात कुणी साक्षीला बोलावलं तर त्या तटस्थ. भाचीच्या मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाबद्दल तटस्थ. सुरेखानं आमटी कशी झालीय विचारलं तरी तटस्थ. शेवटी सुरेखा मला म्हणाली, “मॅडम, त्यांना खारट झालीय म्हणायला सांगा, पण हा शब्द काढून घ्या.”

महिन्या-दीड महिन्यानं भाजीच्या गाड्यापाशी त्यांनी मला गाठलं.

“मॅडमबाई, त्या पोरी पुन्यांदा आल्या नाय. पुढं काय निघालं?”

मी सांगितलं, अहवाल झाला, मुलींना चांगले मार्क मिळाले.

“मार्क त्यायला मिळाले, चांगलं झालं. पर गुडघ्याचं काय निघालं?”

खरं सांगायचं तर असं विचारणारं मला पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. माहिती द्यायची आणि विसरून जायचं, अशीच सगळीकडं रीत. मी मुलींना परत पाठवलं. त्यांनी ओट्यावर तक्ता टांगला आणि गल्लीतल्या बायकांना सगळं समजावून सांगितलं. खाली उकिडवं बसून धुणं धुणाऱ्यांचे गुडघे जास्त कुरकुरत होते, हे निघालं. त्यावर बायकांची इतकी जोरदार चर्चा झाली की दोन घरांत धुण्याचा दगडच उंच केला गेला. तेव्हापासून माझा नियम झाला. ज्यांना विचारलं त्यांना जाऊन सांगितल्याशिवाय मी कुणाच्याच अहवालावर सही करत नाही.

त्या दिवशी आत्याबाई फक्त एका गोष्टीवर रुसल्या. तक्त्यावर त्यांचं नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. मुलीनं सांगितलं की संशोधनात नाव झाकून ठेवतात, माणसाचं खासगी चव्हाट्यावर येऊ नये म्हणून. त्यांनी जरा विचार केला आणि त्यांची कळी खुलली. “म्हंजी गुपचूप दान केल्यावानी,” त्या म्हणाल्या. मीही इथं त्यांचं नाव लिहिलेलं नाही, ते त्यामुळंच.

मग मुलामुलांत हा पत्ता फिरला. फिजिओथेरपीची मुलं आली, फार्मसीची आली. कुणी त्यांना एका पायावर उभं केलं, कुणी त्यांच्या झोपेची चौकशी केली. जाताना प्रत्येकाला आत्याबाई एकच गोष्ट बजावत. काय निघंल ते सांगाया यायचं. बहुतेक मुलं यायची. जी यायची नाहीत त्यांची नावं त्या मला सांगायच्या. जणू मी शहरातल्या सगळ्या कॉलेजांची प्राचार्य होते.

रोहित नावाचा एक मुलगा आला होता. शिक्षक होण्यासाठीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम करत होता. धडा शिकवण्याआधी मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत गोष्ट सांगितली तर वाचन सुधारतं का, हा त्याचा प्रकल्प. एका तुकडीत गोष्ट सांगायची, दुसरीत नाही, आणि मग दोन्ही तुकड्यांचं वाचन तपासायचं. गोष्ट सांगायला त्यानं आत्याबाईंना शाळेत नेलं. पहिल्या दिवशी त्या ठेवणीतलं इरकल नेसून गेल्या. एका म्हशीला एसटीत बसून बाजाराला जायचं असतं आणि कंडक्टर तिला विचारतो, अर्धं तिकीट का पूर्ण, अशी काहीतरी गोष्ट त्यांनी रचली होती. ती रोज वाढत गेली. म्हैस शेवटी कुठवर पोचली, ते मला माहीत नाही.

सगळी मोजमापं झाल्यावर रोहित एका संध्याकाळी आत्याबाईंकडं आला. मी तिथंच बसले होते. पोराचा चेहरा उतरला होता. दोन्ही तुकड्यांचं वाचन सारखंच आलं होतं. गोष्टीनं काहीच फरक पडला नव्हता. मग खाली बघत तो म्हणाला की थोडे आकडे इकडचे तिकडे केले तर जमेल, बरेचजण तसं करतात.

आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला.

“बी उगवलं नाय तर उगवलं नाय म्हनावं, लेकरा. गवताला ज्वारी म्हनलं तर कणसं कुठून आनशील?”

मग त्यांनीच विचारलं, “पोरं हसली व्हती का नाय?”

हसली होती, तो म्हणाला. आणि आठवल्यासारखं म्हणाला की एक गोष्ट मात्र झाली. एरवी दुपारची खिचडी खाऊन बरीच मुलं दप्तर उचलून घरी पळायची. गोष्टीची वेळ खिचडीनंतर होती, आणि गोष्ट असेल त्या दिवशी कुणी पळत नव्हतं. “मग ते लिही की,” आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यानं आकडे जसेच्या तसे ठेवले आणि खिचडीचं निरीक्षण शेवटी जोडलं. त्याच्या सरांना ते शेवटचं पानच सगळ्यात आवडलं, हे सांगायला तो पेढे घेऊन आला. पेढ्याबद्दल कुणी तटस्थ राहिलं नाही.

पण आत्याबाईंचं खरं सूत जमलं ते सानियाशी. सानिया खुलताबादची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोज बसनं ये-जा करायची. तिनं आणि तिच्या दोन मित्रांनी मनगटात बांधायचा एक पट्टा केला होता. वयस्कर माणूस घरात पडलं की पट्टा ओळखणार आणि घरच्यांच्या फोनवर आपोआप निरोप जाणार. पट्टा तपासायला कुणीतरी पडून दाखवायला हवं होतं.

“मी पडते की,” आत्याबाई लगेच तयार. सानियानं कानाला हात लावले. म्हाताऱ्या माणसाला पाडायचं नाही, असा कडक नियम होता. मग आत्याबाईंच्या घरात गादी अंथरली गेली आणि सानियाचे दोघे मित्र आळीपाळीनं पडायला लागले. आत्याबाई खुर्चीत बसून देखरेख करत. पोरं आपली सरळ, काठीसारखी पडायची. “असं पडतं व्हय कुनी?” त्या म्हणायच्या. “आधी कायतरी धराया बघ. मग देवाचं नाव घे. मग पड.” गल्लीतली लहान मुलं खिडकीला लटकून हा खेळ बघायची.

मग पट्टा आत्याबाईंच्या हातात आला. त्यांनी रोजची कामं करायची आणि यंत्रानं गप्प राहायचं, अशी ती परीक्षा; हाताच्या हालचालींची नोंद सानियाच्या फोनवरही जात होती. पहिल्याच दिवशी सकाळी शेंद्र्याला मुलाच्या फोनवर निरोप गेला की आई पडली. बिचारा साहेबाला विनवून, मोटारसायकल दामटत घरी आला, तर आई गरम भाकरी दुधात कुस्करत बसलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरी थापताना हाताला जो दणका बसतो, त्याला यंत्र पडणं समजत होतं.

पोरं हिरमुसली. एकानं सुचवलं की भाकरी करताना पट्टा काढून ठेवावा. आत्याबाईंनी विचारलं, “अन् गॅसपाशीच पडले तर?” मग यंत्राला भाकरी शिकवायची ठरली. पुढचे कितीतरी दिवस आत्याबाई सकाळ-संध्याकाळ भाकरी थापत होत्या, सानिया समोर लॅपटॉप घेऊन बसत होती, आणि आमची गल्ली ताज्या भाकरीवर जेवत होती. सुरेखानं चपातीची कणीक तेव्हा विकतच आणली नाही.

अशाच एका दुपारी मित्र निघून गेले होते आणि सानिया एकटीच बसली होती. मी ताक द्यायला गेले होते. आत्याबाईंनी पट्टा काढून हात धुतले आणि त्या तिच्यासमोर बसल्या.

“रोज तू इचारतीस. आज मी इचारते. तुला ह्या पडन्याचं एवढं कामून पडलंय?”

सानिया आधी हसली. प्रकल्प चांगला व्हायला पाहिजे, नोकरी मिळेल, असं काहीतरी म्हणाली. आत्याबाईंनी तिचा लॅपटॉप अलगद मिटला. मग ती सांगायला लागली. तिची नानी खुलताबादला घरामागच्या अंगणात पडली होती. घरचे सगळे लग्नाला गेले होते. तेव्हा सानियाची परीक्षा होती, ती कॉलेजात होती. नानी किती वेळ तशीच पडून राहिली, ते कुणालाच कळलं नाही. वाचली, पण तेव्हापासून अंगणात पाऊल टाकत नव्हती. दारातच बसून राहायची.

“नानी म्हणते, आवाज दिला होता मी,” सानिया म्हणाली. “सगळ्यांना एकेक करून आवाज दिला.”

आत्याबाईंनी पट्टा उचलला, पुन्हा मनगटात बांधला आणि परातीत आणखी पीठ घेतलं. त्या दिवसानंतर त्यांनी तो आंघोळीलाही काढला नाही. पोरांनी मग त्याला वरून प्लास्टिक गुंडाळून दिलं.

एका गुरुवारी सुरेखा बाजाराला गेली होती, मुलगा ड्यूटीवर होता. मी घरीच होते. फोन वाजला. सानिया होती, बसमधून बोलत होती, मागं गाडीचा आवाज येत होता.

“मॅडम, आत्याबाईंकडं जा. लवकर.”

मी म्हटलं, भाकरी करत असतील.

“मॅडम, ही भाकरी नाही. भाकरीत हात थांबत नसतो. हा थांबलाय.”

मी तशीच पळाले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्याबाई मोरीत पडल्या होत्या, पाय अवघडलेला, हात अंगाखाली, चेहरा पांढराफटक. मला बघून त्यांनी ओठ हलवले. मी वाकले.

“वाजलं का?” त्यांनी विचारलं.

“वाजलं,” मी म्हटलं.

“सानियाला सांग,” त्या म्हणाल्या, आणि मगच कळवळून रडायला लागल्या.

मनगट मोडलं होतं, कंबर वाचली. मुलगा दवाखान्यात आला तो मान खाली घालूनच. निरोप त्यालाही गेला होता, पण भाकरीच असणार म्हणून त्यानं फोन खिशात ठेवून दिला होता. “अरे, आईच्या भाकरीवर तुझा भरवसा, त्यात काय चुकलं?” असं म्हणून आत्याबाईंनी चांगल्या हातानं त्याच्या पाठीवर थाप मारली. शिकाऊ डॉक्टरनं दुखणं एक ते दहामध्ये किती आहे विचारलं, तर त्यांनी आधी दहा म्हणजे नेमकं किती, ते त्याच्याकडूनच वदवून घेतलं. प्लास्टर वाळायच्या आत त्याला हेही विचारून झालं होतं की तुमच्या कॉलेजात प्रकल्प बिकल्प असतो का नाही.

सानियाच्या तोंडी परीक्षेला आत्याबाई हट्टानं गेल्या. मीही गेले. बाहेरून आलेले परीक्षक गंभीर गृहस्थ होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, हे सगळं गादीवर पडून झालेलं. खरोखर पडलेल्या माणसावर तपासलंय का? सानिया उत्तरासाठी अहवालातलं पान शोधायला लागली. मागच्या खुर्चीतून प्लास्टरचा हात वर झाला.

“मी हाय ना, साहेब.”

आधी साहेब हसले, मग सगळा वर्ग. सानिया हसता हसता रडत होती.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचं आयुष्य किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षा संपली की भाग सुटे करून प्रयोगशाळेत परत जातात. तो पट्टाही गेला. पण सानियानं सुट्टीत घरी बसून दुसरा केला, नानीच्या मनगटात बांधला आणि फोटो पाठवला. अंगणात सीताफळाच्या झाडाखाली नानी उभी, काठी टेकून, उन्हामुळं डोळे बारीक केलेले. आत्याबाईंनी तो फोटो गल्लीभर फिरवला. यावेळी काय निघालं, ते विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आत्याबाई गावी गेल्या. धाकट्या बहिणीचे यजमान वारले, ती एकटी पडली, म्हणून. मुलगा नको म्हणत होता, सुरेखा रुसली. पण त्यांचं ठरलं होतं. “ती बोलायची कुनाशी?” एवढंच त्या म्हणाल्या. करमाड काही लांब नाही, मी जाऊन येते अधूनमधून. तरी सकाळी खिडकी उघडली की समोरचा ओटा फार मोठा वाटतो.

निघायच्या दिवशी छोटा टेम्पो आला. पलंग, पत्र्याची पेटी, सुरेखानं दिलेल्या डब्यांची पिशवी, असं सगळं मागं चढलं. आत्याबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. गल्ली जमली होती, बायका डोळे पुसत होत्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, आणि गाडी काही हलेना. आम्ही पुढं होऊन बघितलं. आत्याबाई ड्रायव्हरकडं तोंड करून बसल्या होत्या आणि विचारत होत्या, दिवसभर ह्या सीटवर बसून तुझी कंबर दुखते का रे, अन् रातीला झोप लागती का नीट. ड्रायव्हर आधी हसला. मग त्यानं त्यांच्याकडं नीट बघितलं, चावी फिरवून गाडी बंद केली, आणि सांगायला लागला.